वर्णावरून शब्दशोध

इंग्रजी लेखनात 'क्यू' या वर्णामागोमाग 'यू' यावयाचाच, हा नियम प्राथमिक शाळेपासून विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविला जातो. तो मोडणारे शब्द हुडकून काढणे हा इंग्रजी भाषकांचा आवडता विरंगुळा आहे. शब्दकोडी सोडविणाऱ्यांना असे शब्द अडीअडचणीला लागतात. स्क्रॅबल नावाचा सोंगट्यांचा खेळ खेळणाऱ्यांना तर ते तोंडपाठ असावे लागतात, कारण त्या खेळातील शंभर सोंगट्यांत 'क्यू' एकच असते, तिचे मोल दहा गुणांचे असते आणि जोडीला 'यू' हाती न आल्यास ती गळ्यातल्या लोढण्यासारखी शेवटपर्यंत जवळ राहते. या शोधातून जी यादी तयार होते तिच्यापाशी मात्र भाषाभ्यासकाने क्षणभर थांबले पाहिजे. बुरखा, निकाब, कव्वाली, तलाक, काझी. हिब्रू वर्णमालेतील 'कोफ' या अक्षराचे नाव. चिनीतून आलेला 'ची'. इंग्रजीचा स्वतःचा म्हणावा असा एकही जुना शब्द या यादीत नाही.

विशिष्ट वर्ण असलेले चमत्कारिक शब्द शोधणे हा उद्योग विद्वानांच्या लेखी पोरकट ठरलेला आहे. रिकामपणाचा तो उद्योग, व्युत्पत्ती हे खरे शास्त्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली आहे. वर्णावरून शब्द शोधणे हे भाषेच्या इतिहासाचे एक साधन आहे, आणि ते भारतीय परंपरेला अपरिचित तर नाहीच, उलट फार जुन्या काळापासून परिचित आहे. असे असता भारतीय भाषांच्या आजच्या अभ्यासात त्याचा जितका उपयोग व्हावयास हवा तितका होत नाही.

इंग्रजीचेच उदाहरण आणखी थोडे पुढे नेता येईल. 'जे' या वर्णाने संपणारे इंग्रजी शब्द कोणते, असा प्रश्न केला तर उत्तरात राज, ताज, स्वराज आणि हज एवढीच मंडळी ठळकपणे पुढे येतात. इंग्रजीत 'ज' हा ध्वनी शब्दान्ती येत नाही असे नाही. न्यायाधीश, पूल, वय या अर्थांच्या रोजच्या इंग्रजी शब्दांचा शेवट याच ध्वनीने होतो. परंतु तो ध्वनी शब्दाच्या अखेरीस 'जी-ई' किंवा 'डी-जी-ई' असाच लिहावयाचा, 'जे' शब्दाच्या टोकाशी बसू द्यावयाचा नाही, असा त्या लेखनपद्धतीचा अलिखित दंडक आहे. भारतातून आणि अरबस्तानातून आलेल्या शब्दांनी तो दंडक पाळला नाही, म्हणून ते चटकन ओळखू येतात. 'के' या वर्णाच्या द्वित्वाचेही असेच. इंग्रजी आपल्या द्वित्त ककारासाठी 'सी-के' वापरते. दोन 'के' शेजारी शेजारी आले की एक तर तो जोडशब्द असतो, नाहीतर परका. परक्यांत पुन्हा पक्का, पोलो खेळातील चक्कर आणि ब्रिटिश शिपायांनी 'देखो' या आज्ञार्थावरून केलेले 'डेको' हे नाम, अशी हिंदुस्थानी छावणीतली मंडळी बरीच. शब्दारंभी 'बी-एच' किंवा 'डी-एच' शोधावे तर भांग, भक्ती, भजी, भांगडा, धोबी, धोतर, धर्म असा एक छोटा बाजारच उभा राहतो. महाप्राण व्यंजने इंग्रजीच्या वर्णव्यवस्थेत स्वतंत्रपणे नाहीत. त्यांच्यासाठी जे दोन वर्ण एकत्र आणावे लागले ते पाहुण्याच्या पागोट्यासारखे दुरून दिसतात.

अर्थात पागोटे पाहून गाव ठरविण्यात धोका आहे. अरबी समुद्रातील गलबताला इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्या आरंभी 'डी-एच' आहे. पण त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही आणि ज्या अरबी रूपाशी त्याचा संबंध जोडतात त्यात धकार मुळीच नाही. भूत या अर्थाच्या अस्सल इंग्रजी शब्दातला 'एच' तर आणखी गमतीचा आहे: मुद्रक कॅक्स्टन याच्या छापखान्यातून, फ्लेमिश लेखनाच्या वळणाने तो पंधराव्या शतकात आत शिरला. घाट आणि घी यांच्या शेजारी इंग्रजी भूत येऊन बसते ते असे. तिटकारा या अर्थाच्या लॅटिन शब्दात 'बी' आणि 'एच' शेजारी येतात, पण तेथे एक उपसर्गाचा आहे व दुसरा धातूचा. म्हणजे वर्णशोधाने मिळते ती केवळ संशयितांची यादी. निवाडा व्युत्पत्तीनेच करावा लागतो.

उलट बाजूने, जे खरे पाहुणे पण वेषांतर करून घरचे झाले ते या जाळ्यात सापडतच नाहीत. लूट, ठग, जंगल, चंपी करण्यावरून आलेला शाम्पू यांच्या इंग्रजी अक्षरांत परकेपणाची कोणतीही खूण उरलेली नाही. ठगाचे उदाहरण विशेष बोलके आहे. ठकारासाठी 'टी-एच' हे दोन वर्ण वापरावे लागले. परंतु ती जोडी इंग्रजीत आधीच निराळ्या ध्वनीसाठी रूढ असल्यामुळे इंग्रज वाचकाने तो शब्द आपल्या पद्धतीने उच्चारला आणि ठगाने ठकार गमावून नागरिकत्व मिळविले. 'भ' आणि 'ध' यांच्या वाट्याला ही सोय आली नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अक्षरे पाहून शब्द कोणत्या काळात व कोणत्या वाटेने आला याचाही अंदाज करता येतो. आपल्या ऱ्हस्व अकारासाठी इंग्रजांच्या कानाला 'यू' हा वर्ण जवळचा वाटे. पंडित, पंखा, जंगल, ठग, सती या शब्दांच्या जुन्या इंग्रजी रूपांत अकाराच्या जागी 'यू' आहे. सतीच्या अखेरीस तर दोन 'ई' आहेत. ही कानाने केलेली लेखने होत: व्यापारी, शिपाई आणि जिल्ह्याचे कारभारी यांची. विल्यम जोन्स यांनी १७८८ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात आशियाई शब्दांच्या रोमन लेखनावर प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे लिप्यंतराच्या शिस्तबद्ध पद्धती रूढ होत गेल्या तसा अकाराच्या जागी 'ए' आला. धर्म, मंत्र, स्वराज हे शब्द त्या दुसऱ्या, ग्रंथांच्या वाटेने आलेले दिसतात. एकाच शब्दाची दोन्ही रूपे टिकली तेव्हा अर्थही दुभंगला. 'यू' असलेला पंडित हा इंग्रजीत वर्तमानपत्री भाष्यकार झाला आणि 'ए' असलेला पंडित शास्त्री राहिला. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ सालचा कोश या दृष्टीने अमोल आहे, कारण एकेका शब्दाची कालानुक्रमे बदलती लेखने त्यात अवतरणांसह नोंदविलेली आहेत. त्याचा हा गुण लक्षात न घेता केवळ 'आपले किती शब्द इंग्रजीत गेले' याची मोजणी करण्यासाठी तो चाळला जातो, ही खेदाची गोष्ट होय. इंग्रजी कोशाची नवी आवृत्ती निघाली की तीत भारतीय शब्दांची भर किती पडली याच्या बातम्या येतात आणि आपल्याकडे अभिमानाने वाचल्या जातात. त्या भरीतून इंग्रजीविषयी काही कळते. भारतीय भाषांविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. आपल्या भाषांना जे हवे आहे ते या मोजणीत नाही.

ते काय, हे एका अमेरिकन कोड्यावरून सांगता येईल. भुकेला आणि रागावलेला या अर्थांचे जे दोन इंग्रजी शब्द 'जी-आर-वाय' या तीन वर्णांनी संपतात, त्यांच्या जोडीचा तिसरा शब्द कोणता, हे कोडे १९७५ पासून अमेरिकेत पसरले. नित्याच्या वापरातला असा तिसरा शब्द नाहीच. पण हे खात्रीने सांगणार कसे? कोश आद्याक्षराच्या क्रमाने लावलेला. अंत्याक्षराचा प्रश्न त्याला विचारताच येत नाही. असा प्रश्न विचारता यावा म्हणून उलट्या क्रमाचे कोश पाश्चात्त्य विद्यापीठांत तयार झाले होते. ए. एफ. ब्राउन यांची इंग्रजी शब्दांची सुलट-उलट सूची १९६३ ची, तर मार्टिन लेनर्ट यांचा इंग्रजीचा उलटा कोश १९७१ चा. झालिझ्न्याक यांचा रशियन भाषेचा व्याकरणकोश १९७७ साली निघाला तोही अंत्याक्षराच्या क्रमानेच. रशियन शब्दाचे रूप त्याच्या शेवटावर अवलंबून असते, तेव्हा त्याची सूची शेवटावरून लावणे हेच शास्त्रशुद्ध, असा त्यामागील विचार. संस्कृतासाठीही हे काम झाले, पण ते जर्मनीत: वोल्फगांग श्वार्त्स यांचा उलटा कोश १९७४ नंतरच्या काही वर्षांत तेथे प्रसिद्ध झाला.

येथे भारतीय अभ्यासकाला थोडा संकोच वाटावयास हरकत नाही. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातील नानार्थवर्ग उघडून पाहावा. तेथील शब्द अर्थाच्या क्रमाने नाहीत, आद्याक्षराच्याही नाहीत. ककारान्त, खकारान्त, गकारान्त अशा अंत्य व्यंजनांच्या क्रमाने ते बसविलेले आहेत. महेश्वराचा 'विश्वप्रकाश' हा इ. स. ११११ मधील कोश आणि पुढील 'मेदिनीकोश' यांनी हीच पद्धत पद्धतशीरपणे चालविली. हेमचंद्राने 'अनेकार्थसंग्रहा'त शब्दातील स्वरांची संख्या आणि व्यंजनांचा क्रम या दोहोंची सांगड घातली. इतके अक्षरी आणि अमुक वर्ण शेवटी असलेला शब्द हवा, या प्रश्नाला बाराव्या शतकातला कोश उत्तर देत होता. आजचे शब्दकोडे सोडविणारा नेमका हाच प्रश्न विचारतो. (अरबीतही जौहरीचा प्रसिद्ध कोश धातूच्या अंत्य व्यंजनावरून लावलेला आहे, तेव्हा ही केवळ भारतीय लहर नव्हे.) कवीला यमकासाठी आणि वृत्तासाठी शब्द लागे, हे यामागचे कारण असावे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. मराठीत मोरोपंतांची अष्टोत्तरशत रामायणे सांगितली जातात, त्यांत निरोष्ठ रामायण आहे. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याने १९३९ साली 'ई' हा वर्ण टाळून इंग्रजी कादंबरी लिहिली, तेव्हा तो एक विक्रम मानला गेला. मोरोपंतांना चित्रकाव्याबद्दल मराठी टीकेने बोलच अधिक लावले. त्या टीकेत तथ्य नाही असे नाही. परंतु वर्ण टाळून लिहिणाऱ्याला भाषेचा शब्दसंग्रह वर्णशः ठाऊक असावा लागतो, ही गोष्ट त्या टीकेच्या नजरेतून निसटली.

आता प्रश्न असा की, भारतीय भाषांना हे साधन लावून पाहिले तर काय हाती येईल? उर्दूत ते विलक्षण सोपे आहे. से, ज़ाल, स्वाद, ज़्वाद, तोय, ज़ोय, ऐन ही अक्षरे दिसली की शब्द अरबी वाटेचा हे बहुतांशी ठरते, आणि टे, डाल, ड़े ही दिसली की तो देशी तरी असतो किंवा तिकीट, डॉक्टर यांसारखा इंग्रजी तरी. उच्चारात यांपैकी कित्येक भेद उरलेले नाहीत. लिपीने ते जपून ठेवले आहेत. तमिळमध्ये 'तोल्काप्पियम्' शब्दारंभी व शब्दान्ती कोणते वर्ण येऊ शकतात याचे नियमच सांगतो. रामाचे नाव तमिळात पारंपरिक रीतीने लिहिताना आरंभी इकार येतो तो या नियमापोटी. वर्णाचे स्थान हा तेथे व्याकरणाचाच विषय आहे.

मराठीची स्थिती या दोहोंहून निराळी. अरबी 'काफ' हा वर्ण इंग्रजीत 'क्यू' होऊन उभा राहतो, पण मराठीत कलम, किल्ला, कबूल, हक्क, काझी यांच्या ककारात तो पार विरघळून गेला आहे, आणि बुरख्यात तर त्याचा खकार झाला. मराठी माणूस क्यू-वाल्या इंग्रजी शब्दांची यादी वाचतो तेव्हा स्वतःच्या भाषेने पुसून टाकलेली एक खूण तो परक्या लिपीत पाहात असतो. ती खूण मराठीत शोधावयाची तर माधव त्रिंबक पटवर्धन यांच्या १९२५ सालच्या फार्शी-मराठी कोशाकडेच वळावे लागते.

तथापि मराठीच्या स्वतःच्या खुणा आहेतच. छकाराने त्याचा उत्तम पडताळा येतो. प्राकृतातील छकाराचा मराठीत सकार झाला, हे झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात दाखविले आहे. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. हिंदीत छह, मराठीत सहा. तिकडे मछली, इकडे मासळी. तिकडे पूछना, इकडे पुसणे. म्हणून मराठी शब्दात 'छ' दिसला की तो संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, जसे इच्छा किंवा छंद, अथवा छावणीसारखा शेजारच्या भाषेतून आलेला असण्याचा संभव मोठा. इंग्रजीत शब्दान्तीचा 'जे' जे काम करतो तेच मराठीत छकार करतो. छातीसारख्या घरच्या वाटणाऱ्या शब्दांचा निकाल लावताना मग अधिक सावधपणे विचार करावा लागतो, आणि तेवढ्यासाठीच छकाराच्या शब्दांची संपूर्ण यादी समोर असली पाहिजे.

ळकाराची गोष्ट याच्या उलट. तो शब्दारंभी कधीच येत नाही. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी लकाराचा मराठीत ळकार झाला आणि प्राकृतातील द्वित्त लकाराचा एकेरी लकार. समय या अर्थाचा 'काळ' आणि मागील दिवस या अर्थाचा 'काल' यांत जो भेद आहे तो असा दोन हजार वर्षांचा आहे: एक 'काल'पासून, दुसरा 'कल्य'पासून. फळ आणि गाल, मूळ आणि वेल यांच्या जोड्या लावून पाहिल्या की हे आपोआप उलगडत जाते. पण अशा जोड्या लावावयाच्या कोठून? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. हे सर्व कोश आद्याक्षराच्या क्रमाचे आहेत. दयाळू द-मध्ये, झोपाळू झ-मध्ये, लाजाळू ल-मध्ये आणि मायाळू म-मध्ये. संस्कृतातून आलेला एक प्रत्यय झोप या देशी शब्दाला जाऊन कधी व कसा चिकटला, आणि आणखी कोणकोणत्या देशी शब्दांना चिकटला, याचा शोध अंत्यक्रमाच्या सूचीवाचून केवळ स्मरणावर चालतो.

यावर असे म्हटले जाईल की, संगणक आल्यावर या सूचीची गरज काय? कोशाची पाने आता पडद्यावर दिसतात आणि वाटेल तो वर्ण टंकून शोधता येतो. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात अशा रीतीने उपलब्ध आहे, आणि त्याबद्दल मराठी अभ्यासकांनी कृतज्ञच असले पाहिजे. परंतु यंत्राला वर्ण म्हणजे काय हे कोणीतरी सांगावे लागते. रोमन लिपीत तो प्रश्न नाही. सव्वीस वर्ण सुटे सुटे उभे असतात. नागरीत मात्र 'क्ष' हा एक वर्ण की तीन चिन्हे? युनिकोडच्या दृष्टीने तो ककार, हलन्ताचे चिन्ह आणि षकार. मराठी शाळकरी मुलाच्या दृष्टीने मुळाक्षरांच्या शेवटचे एक अक्षर. मोनियर-विल्यम्स यांच्या कोशाच्या दृष्टीने ककाराचा एक पोटभाग. ककाराचे शब्द मागणाऱ्याच्या पुढ्यात यंत्र क्षमा, क्षीर, पक्षी यांचाही ढीग टाकते. अनुस्वाराने तर पाच अनुनासिके पोटात घेतली आहेत. ङकार उघडपणे दिसतो तो बहुतांशी 'वाङ्मय' या एका शब्दात, आणि वर्ण शोधणाऱ्याला मराठीत तो जवळजवळ नाहीच असे वाटेल; प्रत्यक्षात गंगा, अंग, शंख यांच्या उच्चारात तो सतत आहे. शिवाय १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीने आलेले पुष्कळ अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वी छापलेल्या ग्रंथांतील 'नांव', 'घरांत', 'केलें' हे शब्द आजच्या लेखनाने शोधणाऱ्याच्या हाती लागत नाहीत.

आणि चवर्गाचे काय करावयाचे? विश्व या अर्थाचे 'जग' आणि जिवंत राहा या अर्थाचे 'जग' यांचे लेखन एक, उच्चार दोन. चकार, जकार व झकार यांचे दंततालव्य आणि तालव्य उच्चार हे मराठीचे खास वैशिष्ट्य. पण लिपीने त्यांच्यासाठी वेगळे वर्ण केले नाहीत. येथे वर्णशोध पुरता लंगडा पडतो. याउलट रकाराच्या बाबतीत मराठी लेखनाने अनपेक्षित नेमकेपणा दाखविला आहे. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. ही अर्ध्या रकाराची खूण वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, गाऱ्हाणे, तऱ्हा अशा शब्दांत फिरताना दिसते. देशी शब्द आणि मराठीची स्वतःची सामान्यरूपे ज्या ठिकाणी घडतात तेथेच ती मुख्यतः आढळते. संस्कृत शब्दांत रफार डोक्यावर जातो. एका चिन्हाचे सगळे शब्द एकत्र केले तर मराठीतील देशी व तत्सम थरांची सीमारेषाच आखता येईल. हे अनुमान पडताळून पाहण्याजोगे आहे, आणि पडताळण्याचा मार्ग एकच आहे: सूची करणे.

विद्यापीठांच्या भाषाविभागांतून प्रबंधासाठी विषय हवेत अशी मागणी नेहमीच असते, आणि त्याच त्या कवींवर पुन्हा प्रबंध लिहिले जातात. एकेका भाषेची अंत्यक्रमसूची, तीही छापील लेखन आणि उच्चार अशा दोन स्तंभांत, हा चार-पाच जणांनी मिळून दोन-तीन वर्षांत पुरा करण्यासारखा विषय आहे. मराठी, गुजराती, कोंकणी व कन्नड यांच्या सूच्या एकाच पद्धतीने झाल्या तर ळकाराचा पश्चिमेकडील प्रवास शब्दाशब्दाने पाहता येईल. ज्यांना हे काम हाती घ्यावयाचे असेल त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी काही निर्णय येतील. ज्ञकार जकारात घालावयाचा की स्वतंत्र ठेवावयाचा. शब्दान्तीचा अलिखित हलन्त उच्चारात धरावयाचा की नाही. आणि दऱ्या दर्याच्या शेजारी ठेवावयाच्या की वऱ्हाडाच्या.